काउंटरवरची सूचना
संगणकावर परवानगी मागणारी चौकट आली की मला उमरग्याचा तो फिनाइलच्या वासाचा दवाखाना आठवतो. तिथले संगणक रोज सकाळी आपोआप अपडेट व्हावेत म्हणून मी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. माझ्या लॉगिनवर ती चालायची, पण काउंटरवरच्या बाईंच्या साध्या लॉगिनवर परवानगी मागत अडायची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महिनाभर काहीच अपडेट झालं नाही, तेव्हा मी डॉक्टरांसमोरच बाईंवर खेकसलो, "चौकट आली की काय करता तुम्ही?" त्या म्हणाल्या, "'नाही'वर दाबते. अनोळखी काही आलं की 'नाही'च म्हणायचं, तुमीच सांगितलं व्हतं." "मी कधी सांगितलं?" असं मी म्हणालो, तसा त्यांनी मॉनिटरच्या कडेवर हात ठेवला. डॉक्टर गेल्यावर त्यांनी तो हात काढला. खाली माझ्याच अक्षरातली ती सूचना चिकटवलेली होती. माफी मागायची तेव्हा राहिली, ती राहिलीच.