मापारीकाका आणि माझा टोबार

भोकाचं माप मी बाहेरून घेतलं.

यूटच्या, म्हणजे माझ्या पिकअप गाडीच्या, मागे टोबारची चौकोनी पोकळ नळी असते, तिच्यात कॅरॅव्हॅन ओढायच्या जोडणीचा दांडा शिरतो. म्हणजे मोजायची ती आतली रुंदी. मी टेप बाहेरून लावली, अडीच इंच भरले, आणि अडीच इंची दांडा परदेशातून मागवला. नळी आतून दोन इंची होती. मी फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहतो, सॉफ्टवेअर लिहितो आणि ऑफिसात स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेतो, हेही इथेच सांगून टाकतो.

मापारीकाकांच्या हातून हे जन्मात झालं नसतं. खरं आडनाव वेगळं, हे आम्ही ठेवलेलं. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढून ते इथे, जवळच्या पापाकुराला, मुलीकडे आले होते. मुलगी अनघा, नर्स. काकांच्या स्वेटरच्या खिशात कायम बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. चहा दिला की आधी कपाची कड मोजणार! 'अंदाजे' हा शब्द त्यांना खपत नसे. "अंदाजे मीठ घालावं," म्हणायचे, "लोखंड ऐकून घेत नाही."

या देशाच्या उत्तरेच्या टोकाला दोन समुद्र मिळतात, ते त्यांना एकदा पाहायचं होतं. पण पाठीमुळे तासाभरापलीकडे बसवत नसे. म्हणून मी जुनी कॅरॅव्हॅन घेतली तेव्हा माझ्याहून जास्त आनंद त्यांना झाला. थांबत थांबत, आत आडवं होत जाता येणार होतं. "या उन्हाळ्यात नेतो," मी छाती फुगवून सांगितलं.

साध्या जोडणीने कॅरॅव्हॅन जोडताच यूटचं बूड बसलं आणि नाक वर गेलं. काकांनी वाकून पाहिलं. "पुढची चाकं हलकी झाली. स्टीअरिंग नुसतं हातात राहील तुझ्या. वजन पुढच्या चाकांकडे वाटून देणारी जोडणी लागेल. मी येतो माप घ्यायला."

"स्वीट ॲज, काका! काही काळजी नको, मोजतो की मी."

सहा आठवड्यांनी खोकं आलं. दांडा आत जाईना. तेल लावलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या. तेवढ्यात काकांचा फोन. "आलं का रे?"

"शिपिंगला उशीर होतोय, काका."

पुन्हा मागवलं. दांडा बसला, पण त्याच्याबरोबरच्या भार पेलणाऱ्या पट्ट्या, मोठ्या त्या चांगल्या म्हणून, मी दुप्पट ताकदीच्या घेतल्या होत्या. त्या जराही वाकेनात. यूट उचकी लागल्यासारखी चालायला लागली. दर रविवारी काका विचारायचे आणि मी कधी बंदराला, कधी वादळाला कामाला लावायचो.

मार्चमध्ये, इथला डिसेंबर ते फेब्रुवारीचा उन्हाळा सरल्यावर, शरण गेलो. काका आले, ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरून आडवे झाले. व्हर्नियर नळीच्या आत तीनदा लावला, कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली वजनकाटा ठेवून भार पाहिला, आकडे लिहून दिले. रागावले नाहीत. "उठव मला," एवढंच म्हणाले. उठवताना मला कळलं, पाठीचं दुखणं फार पुढे गेलं होतं.

त्या आकड्यांवर मागवलेलं सगळं पहिल्या फटक्यात बसलं. तोवर मे उजाडला होता, आणि काकांना कुशीवरही वळवत नव्हतं. ऑगस्टमध्ये ते गेले.

तेराव्यानंतर मी अनघाला म्हणालो, "माझी मापाची चूक नडली गं."

"मापाच्या चुका बाबांनी आयुष्यभर पाहिल्या, दादा. त्याचं त्यांना काहीच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलत राहिलात. तुमची लाज सांभाळण्यात त्यांचा उन्हाळा गेला."