सिस्टरची बदली

आमच्याकडं शाळेतल्या मास्तरची बदली झाली की गावकरी आमदाराकडं जातात. शाल, नारळ, पुढं चार रडव्या बाया. बदली बराबर थांबते. म्हणून औंढ्याजवळच्या आमच्या गावातून मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर जाणार असं कळलं, तेव्हा मीही जीप ठरवली. पन्नाशीची होते मी. जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

सिस्टर म्हणजे व्रत घेतलेली नन, मूळची केरळची. माझा नवरा वारला, पोरं पुण्याला गेली, त्यानंतर संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसणारी तीच एक. ‘काहून जेवल्या न्हाई, वहिनी?’ असं आमच्याच बोलीत दटावायची. ती गेल्यावर मी बोलू कुणाशी, एवढंच माझं दुखणं होतं. गावापुढं मात्र रोग्यांच्या हालावर भाषण ठोकलं.

शहरात जाऊन बिशपांच्या अंगावर शाल घातली आणि मी म्हणाले, बदलीचा हुकूम फिरवा. भला माणूस. चहा पाजून त्यांनी समजावलं, की दवाखाना उघडायला त्यांची परवानगी लागली खरी. पण सिस्टरांचा संघ पोपच्या अधिकाराखालचा, तिथं कोणी कुठं राहायचं ते संघाच्या मोठ्या मदर ठरवतात. त्यांच्यावर थेट पोप. मी म्हणाले, मग पोपचाच पत्ता द्या. शाल एकच आणली याचं वाईट वाटलं, इतकी मी शहाणी.

परत येऊन तावातावानं सिस्टरला सांगितलं, पोपनं शब्द टाकला तर मदरला ऐकावंच लागंल.

“व्हय, लागंल,” ती म्हणाली. “मलाबी लागंल, आमच्या व्रतातच हाये ते. पण पोप कशाला, वहिनी? मदरनं मला आधी विचारलं होतं.”

“मग?”

“जाते म्हणले मी.”

मला ती काही बोलली नव्हती. मी अशी रुसले, की ती निघाली त्या सकाळी घरातच बसून निवडलेली ज्वारी पुन्हा निवडत राहिले. बस गेल्याचा आवाज आला, तरी सूप खाली ठेवलं न्हाई.

ती आता झारखंडात असते. दवाखान्याला कुलूप आहे. कधीमधी तिचा फोन येतो, आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो. बिशपांना सांगितलं, पोपला सांगायला निघाले होते. तिलाच तेवढं ‘थांब गं’ म्हणायचं राहून गेलं. म्हणले असते तर थांबली असती का, हे मी अजून विचारलेलं न्हाई. ती खरं बोलणारी बाई आहे, म्हणून गुडघेच बरे.