मिश्री कवा लावता?

पहिल्यांदा मी प्रॅक्टिकलला नापास झाले, ते प्रश्न येत नव्हते म्हणून नाही, फार येत होते म्हणून. समोर पेशंट बसवला आणि मी सुटलेच. ताप येतो का, खोकला आहे का, शुगर, बीपी, तंबाखू, दारू, घरात कुणाला टीबी? तो म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाई, जरा दमानं. एकेक इचारा की!" परीक्षक मॅडम हसल्या आणि मान खाली घालून मार्क लिहून मोकळ्या झाल्या. ते हसणं मला असं झोंबलं की बस्स.

बारा वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेली बाई मी! हा सहा महिन्यांचा कोर्स पास झाला की मला स्वतःचं उपकेंद्र मिळणार होतं. तिथं पेशंट आधी मी तपासणार, मोठ्या दवाखान्यात कुणाला पाठवायचं ते मी ठरवणार. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की पुन्हा डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभं राहायचं. छे, ते आता जमणार नव्हतं.

कोर्स सांगलीत होता आणि घर कडेगावजवळच्या खेड्यात. सुट्टीला घरी आले की उजळणीला पेशंट लागायचा. नवरा दोन प्रश्नांतच पळाला. शेवटी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पाय पसरून अंगणात बसल्या. "मला आज काय झालंय ते सांग, तसं करते."

"आज तुम्हाला शुगर आहे."

"बरं. पर पयल्यांदा इचारलंस तर मी खरं सांगनार न्हाई."

"का बरं?"

"आगं, दवाखान्यात खरं कोन सांगतंय? पुन्यांदा इचारशील, जवळ बसून, तवा सांगीन."

आणि बाई शब्दाला पक्की! लघवीला किती वेळा जाता म्हटलं की आकाशाकडं बघणार. मी चिडायची, पुस्तक आपटायची, परत जवळ बसून विचारायची. आठ दिवसांची उजळणी तिनं महिनाभर चालवली, पण माझी गाडी रुळावर आली. एक प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं, हे मला कुठल्या मॅडमनी नाही शिकवलं.

त्याच दिवसांत एकदा जेवताना मी केलेला खर्डा तिनं ताटाच्या कडेला सारला. "लय जाळ केलाईस." माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षं तोच खर्डा बोटं चाटून खाल्ला, आणि आता नावं ठेवायची? मी दोन दिवस धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा उजळणी. "तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई, असलं काय न्हाई."

मी तिच्या मांडीकडं बघितलं. मांडीवर मिश्रीचा डबा, बोट काळं, खालच्या ओठात डाव्या बाजूला गोळी दाबलेली. "आवं आत्याबाई, मग हे काय?"

"ही मिश्री हाय. दात घासायची."

"तंबाखूच तव्यावर भाजून कुटता की!"

"तंबाखू तुजा सासरा खायाचा," ती ठसक्यात म्हणाली. "जा, समद्या आळीत इचार."

मीही हट्टाला पेटले. घरोघरी जाऊन विचारलं. तंबाखू कुठलीच बाई खात नव्हती आणि मिश्रीचा डबा प्रत्येकीच्या फडताळात होता. परत येऊन वहीत त्या प्रश्नावर काट मारली आणि आत्याबाईंना म्हटलं, तोंड दाखवा. तिनं पदर तोंडावर ओढला. "नापास बाईला मी त्वांड दावत न्हाई. पास हो, मग बघ."

परीक्षा साताऱ्याला. परीक्षक त्याच मॅडम! पेशंट म्हणजे साठीतली एक बाई, तोंडाची आग होते म्हणून आलेली. माझ्याआधीच्या दोघी बाहेर येऊन कुजबुजल्या होत्या, सोपी आहे गं, बी-कॉम्प्लेक्सची केस.

मी तिच्याजवळ स्टूल ओढलं. कधीपासून, विचारलं आणि गप बसले. तिनं सावकाश सांगितलं. मग म्हटलं, "मावशी, मिश्री कवा लावता?"

"सकाळी उठल्याव, जेवल्याव, आन निजताना," ती पटकन म्हणाली. "पर आता बाई, तिखाट सोसत न्हाई. खर्डा तर बंदच केलाय."

मॅडमची पेन्सिल थांबली, तशी मीही थांबले. खर्डा! म्हणजे आत्याबाईंचंही तोंड पोळत होतं. आमच्या म्हातारीनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती, आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

हातमोजा चढवून मी त्या बाईचा खालचा ओठ बाहेर ओढला, जिथं गोळी दाबतात बरोबर तिथं. आत पांढरा, खरखरीत डाग होता, पुसून न जाणारा. मी काय दिसतंय ते सांगितलं, पुढं कुठं पाठवायचं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, मागच्या वेळी मीच नापास केलं होतं तुम्हाला. आज निवांत घरी जा."

निवांत कसली! एसटीत मी अख्खा रस्ता पुढच्या सीटचा दांडा धरून होते. आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि आत्याबाईंच्या तोंडात काय निघेल याची भीतीही होती. अंगणात पाऊल टाकलं ते ओरडतच, "पास झाले! आता आ करा!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, डबा खाली ठेवला आणि मुकाट्यानं तोंड उघडलं. डाग होता. नखाएवढा.

दुसऱ्याच दिवशी तिला सांगलीला नेलं. तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, कॅन्सर नाही, पण मिश्री आजपासून बंद. डबा तिनं स्वतःच्या हातानं चुलीत घातला आणि चार दिवस घरादाराला शिव्या घातल्या.

आता माझं उपकेंद्र आहे. छापील फॉर्मात तंबाखूच्या रकान्यापुढं मी पेननं मिश्री लिहिते. दर महिन्याला आत्याबाई रांगेत उभ्या राहून तोंड दाखवून जातात. डाग आधी पुसट झाला, मग गेलाच. परवा रात्री त्यांनी स्वतःहून खर्डा मागितला. भाकरीवर भरपूर घेतला, मोठा घास केला, सावकाश चावला. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या आणि परत वाढून घेतला.