चिन्मयच्या खोलीचं डिपॉझिट

"काका, तुमच्या पेरोलनं माझा अर्धा पगार खाल्ला!"

चिन्मय माझ्या डेस्कसमोर फोन नाचवत उभा होता. पगाराचा दिवस होता. मिल्टन कीन्समधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी पेरोल मॅनेजर आहे. म्हणजे सगळ्यांच्या पगाराचा हिशोब करायचा, टॅक्स कापायचा आणि उरलेले पैसे वेळेवर बँकेत पाठवायचे. या दिवशी माझ्याकडे आनंदानं कुणी येत नाही. ज्यांचं सगळं बरोबर असतं ते खरेदीला गेलेले असतात.

चिन्मय नाशिकचा. इथेच एमएससी करून आमच्याकडे ज्युनिअर डेव्हलपर म्हणून लागला. ऑफिसात मला सगळे मोहन म्हणतात. त्याला ते जमलं नाही, म्हणून मी काका.

"आजच कसं लक्षात आलं रे?" मी विचारलं.

"घरमालक घर विकतोय. महिनाअखेर बाहेर पडायचंय. ऑफिसजवळ मस्त खोली मिळालीय, रेडवेच्या सायकल-वाटेनं येईन. पण शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर एजंट दुसऱ्याला देणार."

मी त्याची पेस्लिप उघडली. पगार बरोबर, टॅक्स बरोबर. खाली मात्र एक मोठी कपात होती: ॲडव्हान्स.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडे एक ॲप आहे. महिना संपायच्या आत, जेवढे दिवस काम झालं त्यातला काही पगार त्यातून आधीच काढता येतो. दर वेळी थोडी फी लागते. पगाराच्या दिवशी उचललेली रक्कम आपोआप वजा होते. बटण दाबायचं, पैसे हजर. चिन्मयनं ते बटण चांगलंच दाबलं होतं.

आता सांगायला लाज वाटते, पण हे ॲप मीच आणलं होतं. आमच्या फायनान्स डायरेक्टरला, हेलनला, मी स्लाइड्स दाखवून पटवलं होतं. तरुण मुलांची सोय होईल, असं मला मनापासून वाटत होतं. वापर वाढत गेला तसतशी माझी पाठ थोपटली गेली. कँटीनमध्ये पोस्टर लागलं. पोस्टरवर ॲप वापरणारा हसरा तरुण कर्मचारी कोण? चिन्मय. फोटो मीच काढला होता.

"अरे, पण पगार येतो तेव्हा तो जातो कुठे? तू काही उधळ्या दिसत नाहीस."

"घरी पाठवतो. पगार आला की त्याच दिवशी. आजचाही सकाळीच गेला. इथला एक पाऊंड म्हणजे तिकडे किती होतात माहितीये ना, काका! बाबांना मेसेज गेला की बरं वाटतं."

"आणि मग तू काय खातोस?"

"ॲप आहे ना."

म्हणजे पोरगा सगळा पगार घरी पाठवत होता आणि पुढच्या महिन्याचा पगार फी भरून आधीच खात होता. ही सोय मी करून दिली होती. माझा चहा तसाच गार झाला.

"बाबांना फोन लाव," मी म्हणालो.

"नको हो काका. त्यांना टेन्शन येईल."

"लाव."

मीटिंग रूममध्ये त्यानं फोन स्पीकरवर टाकला. त्याचे वडील निवृत्त शिक्षक. मी ओळख करून दिली आणि चिन्मयनं चाचरत सगळं सांगितलं.

"अहो, आम्हाला कशाला हवेत त्याचे पैसे?" वडील मला म्हणाले. "माझी पेन्शन आहे. तो पाठवतो, मी त्याच्याच नावानं एफडी करतो. म्हटलं, पोराचं भागतंय म्हणूनच पाठवत असेल."

"बाबा! मी इथे महिनाअखेर टोस्ट आणि बीन्स खातोय!"

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"काय विचारणार? स्टेटसला दर शुक्रवारी पिझ्झा टाकतोस!"

"तो ऑफिसचा असतो, बाबा!"

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "आधी एफडी मोडा, मग भांडा." वडील तयारच होते. पण एफडी मोडायची, परदेशी पैसे पाठवायचे फॉर्म भरायचे, मग ते इथे पोचायचे. शुक्रवारपर्यंत ते काही होणारं नव्हतं.

मला वाटलं, खिशातून देऊन टाकावेत. माझी टोचणीही कमी झाली असती. पण पेरोलवाल्यानं कर्मचाऱ्यांना उसने द्यायचे नसतात, हा नियम योग्यच आहे. मग आठवलं, कंपनीची एक योजना आहे. भाड्याच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी कर्ज, पगारातून हप्त्यांनी फेडायचं. सही हेलनची लागते आणि हेलन कारण विचारते. चिन्मयची परवानगी घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि ॲपसकट सगळं सांगितलं.

तिनं चष्मा काढला. "मोहन, याच खुर्चीत बसून तू म्हणाला होतास की ॲपचा वापर वाढतोय ही आनंदाची बातमी आहे."

"हो. ती कुणाच्या आनंदाची, ते मी पाहिलं नव्हतं."

"आणि पोस्टरवरचा मुलगा हाच?"

"हाच."

ती इतकी हसली की बाहेरच्या दोघांनी मान वर केली. मग सही केली. अट एकच घातली: "आता स्लाइड्स बनवायच्या त्या बचतीवर. आणि दर महिन्याला ॲपमधून किती काढता येईल त्याला मर्यादा घाल."

चिन्मयनं गुरुवारीच डिपॉझिट भरलं. खोली मिळाली.

पुढच्या महिन्यापासून मी त्याचा पगार दोन खात्यांत पाठवू लागलो. आमच्या सिस्टिममध्ये ही सोय पहिल्यापासूनच होती, फक्त कुणाला सांगायचं मला सुचलं नव्हतं. एक ठरावीक रक्कम थेट बचतीच्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड त्यानं घेतलेलंच नाही. बाकी पगारात घरभाडं आणि जेवण भागतं. नाशिकला तो अजूनही थोडे पैसे पाठवतो. ते बंद केले तर बाबांना बँकेत जायला निमित्त उरणार नाही, असं आईचं म्हणणं पडलं. ॲप त्यानं फोनवरून काढून टाकलं आणि ते मला खास येऊन दाखवलं.

आता नवीन मुलांच्या पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं मिळतात. मी त्यांना एवढंच सांगतो: बचत पगाराच्या दिवशीच बाजूला काढा, महिनाअखेरीला उरेल ती ठेवू म्हणाल तर काही उरत नाही. आणि घरी पैसे पाठवत असाल, तर ते तिकडे लागतात का, हे एकदा फोन करून विचारा.