तो फॉर्म मी दिलाच नव्हता

माझ्या बायकोच्या माहेरी आणि आमच्या जुन्या शेजाऱ्यांमध्ये एक गोष्ट पंचवीसेक वर्षं सांगितली जाते. आम्ही युरोपात आठवडाभर गाडीने फिरणार होतो, पण हिने फॉर्म भरताना चूक केली आणि व्हिसा नाकारला गेला. ती स्वतःच हसत हसत सांगते. ही गोष्ट खोटी आहे आणि ती मी रचली. ज्यांनी ज्यांनी ती ऐकली, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तेव्हा आम्ही अबुधाबीत राहायचो. मी मुसफ्फामधल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होतो, ती इंडियन शाळेत भूगोल शिकवायची आणि मुलगा सहावीत होता. सगळा बेत तिचा. व्हिएन्नाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, साल्झबर्गवरून डोंगर ओलांडून व्हेनिस गाठायचं आणि दुसऱ्या रस्त्याने परत यायचं. शाळेतल्या अॅटलासच्या झेरॉक्सवर तिने रोजचे किलोमीटर मांडले होते. तीनशेच्या वर एक दिवस नाही, असा तिचा नियम. तिघांचे फॉर्मही तिनेच भरले. माझ्या जन्मतारखेत एक आकडा चुकला, त्यावर तिने व्हाइटनर लावून नीट लिहिलं. सगळं एका खाकी लिफाफ्यात घालून तिने माझ्या हातात दिलं. मी फक्त माझा पासपोर्ट आणि कंपनीचं पत्र जोडून ते एम्बसीत द्यायचं होतं.

माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा. तेव्हा सर्रास असंच चालायचं. स्वतःचा पासपोर्ट हवा असेल तर कारण लिहून मॅनेजरची सही घ्यावी लागे, म्हणजे रजाच मागावी लागे. नेमकं तेव्हा टाक्यांचं मोठं काम आलं होतं आणि रजा बंद होत्या. ते माणसांना सांगायचं काम माझ्याकडे. दोन-दोन वर्षं घरी न गेलेल्या वेल्डरांना मी सांगत होतो, "छुट्टी खलास. बाद में देखेंगे, इन्शाल्ला."

घरी मात्र माझा रुबाब वेगळा होता.

"मॅनेजर माझा शब्द खाली पडू देत नाही," मी म्हणायचो.

"नक्की ना? नाहीतर मी फोन करते त्यांना."

"तू कशाला? बायकोने रजा मागितली म्हणून वर्कशॉपभर हसतील."

लिफाफा तीन दिवस गाडीच्या डिकीत राहिला. चौथ्या दिवशी रजेचा अर्ज खिशात घालून मी मॅनेजरच्या दाराशी गेलो. आत तो एका फिटरला झापत होता. मी तसाच मागे फिरलो. लिफाफ्यातून बायकोचा आणि मुलाचा पासपोर्ट काढून घेतला आणि बाकीचे कागद फाडून भंगाराच्या ड्रममध्ये टाकले.

दोन आठवड्यांनी घरी सांगितलं, "रिजेक्ट झाला."

"का?"

का, याचा मी विचारच केला नव्हता. "फॉर्ममध्ये काहीतरी चूक होती म्हणे."

तिने ताटं मांडली. मग म्हणाली, "व्हाइटनर." मी तेच राहू दिलं. आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतर तिने कधी फॉर्म भरला नाही. बँकेचा नाही, मुलाच्या कॉलेजचा नाही. शाळेतले कागदसुद्धा ती शेजारच्या वर्गाच्या बाईंकडून भरून घ्यायची. "मला देऊ नका, माझ्या हातून बिघडतं," असं म्हणायची आणि हसायची.

आता आम्ही मुलाकडे दुबई मरीनात राहतो. गेल्या महिन्यात त्याने बेत काढला. व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट, ल्युब्लियाना आणि परत व्हिएन्ना. सगळ्या मिळून सात रात्री. सून लॅपटॉप घेऊन बसली होती. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, म्हणून ती रात्री मोजत होती. ट्रॅव्हल एजंटने प्रश्नांची यादी पाठवली होती. तिने वाचलं, "आधी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?"

"हो लिही," बायको म्हणाली. "नाहीतर असं कर, माझं नावच काढ. माझ्यापायी तुम्हा सगळ्यांचं अडकायला नको."

"आजी, दॅट्स सो सिली," नात म्हणाली. "यू हॅव टू कम."

"आई, इतक्या जुन्या गोष्टीला कोण विचारतंय?" मुलगा म्हणाला.

"नको रे. मी घर सांभाळते. बाबांना तेवढं ने. त्यांचं तेव्हा माझ्यामुळे राहिलं."

मी म्हणालो, "हो लिहू नका. नकार आलाच नव्हता. तो फॉर्म मी दिलाच नव्हता."

मग जे वर लिहिलं आहे ते सांगितलं. नातीने फोन खाली ठेवला.

"लिफाफा कुठे गेला?" बायकोने विचारलं.

"भंगारात."

"आणि व्हाइटनर?"

"कुणी पाहिलंच नाही. फाडताना मी पाहिलं होतं. तारीख बरोबर होती."

"रजा मागायला घाबरलात, एवढंच ना? मग तेवढंच सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"



दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून डायनिंग टेबलाशी बसली आणि सुनेला म्हणाली, "प्रिंट काढून दे. स्क्रीनवर मला जमत नाही." स्वतःचा फॉर्म भरला, मग मुलाचा, सुनेचा, नातीचा. मुलाचा रस्ता पाहून म्हणाली, "बुडापेस्ट ते ल्युब्लियाना एका दिवसात? साडेचारशेच्या वर जातं. पोरीला गाडी लागते. मध्ये बालाटन सरोवराशी एक रात्र थांबा."

"थांबा काय, थांबू म्हण. तू येतेयस ना?" मुलगा म्हणाला.

"येतेय तर. रस्ता तुम्हाला कुठे कळतोय?"

माझा फॉर्म तिने माझ्याकडे सरकवला. "तुमचा तुम्ही भरा. व्हाइटनर घरात नाही." आधी व्हिसा नाकारला आहे का, या प्रश्नासमोर मी 'नाही' लिहिलं.

"माहेरी ती गोष्ट मी सांगत फिरले," ती म्हणाली, "आता खरी काय ती तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

तिच्या धाकट्या भावाला मी चिपळूणला फोन लावला. तिने स्पीकर लावायला सांगितला आणि मेथी निवडत समोर बसली. मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे भावोजी, आमच्या ताईचा फॉर्म बरोबर होता?"

"बरोबर होता," मी म्हणालो.

"परत सांगा," बायको म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं."

मी परत सांगितलं, मोठ्याने.