झिलूचं पथ्य

जगात दुःख असं काही नसतंच, असते ती फक्त भूक, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मला आजवर भेटले, आणि ते माझे मामेसासरे निघाले. मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. मूळ मालवणचे. वडील गिरणीत होते, हे बँकेतून निवृत्त झाले, पण मन कायम स्वयंपाकघरात. मीटर बघायला आलेला माणूस त्यांच्याकडून घावने खाऊन जायचा. कुणाची परीक्षा बुडो, लग्न मोडो, गुडघे धरोत, मामांचा उपाय एकच. 'पोटात तूप गेला काय मानूस उभो रवता,' असं म्हणत ते अशी धार धरायचे की ताटातला भात दिसेनासा व्हायचा. माझ्या साखरपुड्याला मला ताप होता, तेव्हा त्यांनी गोळीच्या आधी कोंबडी-वडे चारले. ताप उतरला तो वड्यांमुळेच, असं ते अजून चारचौघांत सांगतात.

अशा माणसाच्या हाती कुत्रा लागला. जिन्याखाली सापडलेलं वीतभर पिल्लू. मामांनी त्याचं नाव ठेवलं झिलू, म्हणजे मालवणीत मुलगा. आणि मुलाला उपाशी कोण ठेवतं? सायीची वाटी झिलूची, तळलेल्या सुरमईचं कातडं झिलूचं, मटणाची चरबी तर हक्काने झिलूची. मामी माहेरच्या पार्ल्याच्या, मोजकं जेवणाऱ्या आणि मोजकं बोलणाऱ्या. झिलूला मागून ढकलत जिना चढवताना त्या एवढंच म्हणायच्या, 'हे कुत्रं नाही, पोतं आहे.'

गेल्या वर्षी गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. 'तू ये रे जरा. झिलू जेवत नाय.' त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जाऊन बघतो तर झिलू पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर उचलून, थरथरत उभा. पहाटेपासून ओकत होता. आम्ही त्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी पोट चाचपलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि विचारलं, 'काका, काल काय खाल्लं याने?' मामांनी गटारीच्या मटणाच्या चरबीपासून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

'स्वादुपिंडाला सूज आलीय,' बाई म्हणाल्या. 'बऱ्याचदा अशा चरबीच्या जेवणानंतरच येते. सलाईन लावतेय, दुखणं थांबायला औषध देतेय. पण आत्ताच काही सांगता येणार नाही.'

बाहेर बाकावर मी मामांपुढे चहा धरला. त्यांनी मान हलवली. 'मीच घातलंय रे त्याका,' ते म्हणाले. 'मायेन घातलंय.' चहा तसाच निवत गेला.

झिलू वाचला. आठवडाभराने त्याला पुन्हा दाखवायला नेलं, तर मामांच्या हातात पिशवीभर बाटल्या. सगळ्या बिल्डिंगने आपापलं ज्ञान दिलं होतं. अश्वगंधेचं चूर्ण, हळदीच्या गोळ्या, आणि मढच्या एका कोळी मित्राने खास पाठवलेलं माशाचं तेल. बाईंनी एकेक बाटली बाजूला ठेवली.

'काका, माशाचं तेलसुद्धा तेलच.'

'पण ह्या मढसून इला हा!'

'मढहून आलं तरी तेलच. आत्ता नको.' मग त्यांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं, कारण रक्तात ते कमी निघालं होतं. पाचक पावडरीबद्दल मामांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'ती ज्याच्या स्वादुपिंडातून रसच पुरेसा येत नाही, त्याच्यासाठी. याला लागली तर मी सांगेन.'

'म्हंजे काय घालूचाच नाय?' मामा रडवेले झाले.

'घालायचं ना. बिनतेलाचं, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.'

चार-पाच वेळा! मामांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवसापासून त्या घरातली फोडणी थांबली. मामा कातडं काढलेली कोंबडी उकडायचे, रस्सा फ्रिजमध्ये गार करायचे आणि वर धरलेला चरबीचा थर चमच्याने असा उचलायचे, की सोनारानेही बघत राहावं. सोबत मऊ भात आणि चमचाभर लाल भोपळा. वॉचमनने झिलूला बिस्किट दाखवलं, तर मामा गरजले, 'इख घालतंस त्याका?' हे सगळं बघून मामी एकदा म्हणाल्या, 'लग्नापासून मला पित्त आहे. माझ्यासाठी कधी बिनतेलाचं झालं नाही.' दुसऱ्या दिवशी मामींसाठीही वेगळं पातेलं चढलं. आणि झिलू ताटाकडे बघत बसतो म्हणून मामा स्वतःही तेच जेवू लागले. त्यांच्या पँटी आता पट्ट्याच्या भरवशावर आहेत.

दुखणं पुन्हा उलटू शकतं, पथ्य जन्माचं आहे, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. तरी झिलूला आता कंबर आली आहे. परवा संध्याकाळी आम्ही त्याला बागेत घेऊन गेलो. कट्ट्यावर एक कावळा बसला होता. झिलूने कान उभारले आणि हिसका देऊन जो सुटला, तो पार दुसऱ्या टोकापर्यंत. मामांच्या हातून पट्टा निसटला. मी मागे धावणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

'ऱ्हवांदे रे. धावांदे त्याका.'

मामा बाकावर टेकले आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, 'इतकी वर्सां ह्येका खाताना बघलंय. धावताना कधी बघूकच नाय.'