हंसांच्या आठवड्यातली परीक्षा

बालवाडीत सात वर्षं पोरांची नाकं पुसल्यावर क्री आदिवासींच्या वस्तीतली हॅरिएट वापाची शिक्षिका व्हायचं प्रशिक्षण घेत होती. मुलांसमोर धडा घ्यायची शेवटची परीक्षा कॉलेजने नेमकी रानहंसांच्या शिकारीच्या आठवड्यात ठेवली. तेव्हा सगळं गाव रानात असतं, हे तिने दोनदा कळवलं होतं. परीक्षक बाई आल्या, तेव्हा बालवाडी रिकामी.

"मुलांशिवाय तुला पास कशी करू?"

"बसा बर्फगाडीवर," हॅरिएट वैतागून म्हणाली.

रानातल्या तंबूत पोरं हॅरिएटच्या आजीजवळ हंसाची पिसं उपटत होती.

"पाहुणीला रिकामी का उभी केलीस?" आजी म्हणाली. "दे तिलाही एक हंस."

बाई हंस मांडीवर घेऊन बसल्या. हॅरिएटने पोरांकडून लहानमोठी पिसं वेगळी करवून घेत तिथेच धडा घेतला.

ती पास झाली. निकालासोबत पुढच्या तुकडीच्या परीक्षेची तारीख आली. पुन्हा तोच आठवडा. हॅरिएटने कपाळावर हात मारला आणि कॉलेजला पुन्हा कळवायला फोन उचलला.